आडात असेल तेच पोहऱ्यात



मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की आपल्या कोरडवाहू गावांत दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात सुरू होतात. एक पेरणी आणि दुसरी हगवण. पहिलीची तयारी आपण उन्हाळ्यापासून करतो. नांगरट होते, वखराच्या पाळ्या होतात, बियाण्यासाठी उसनवारी होते. दुसरीची तयारी कोणी करत नाही. ती आली की दवाखान्यात सलाईन लावायचे, दोन दिवस पडून राहायचे, ‘नवं पाणी बाधलं’ म्हणायचे आणि विसरून जायचे.

‘नवं पाणी बाधलं’ हे आपल्या आजी-आजोबांचे शब्द. त्यात निरीक्षण अगदी बरोबर आहे. पावसाचे नवे पाणी विहिरीत उतरले की माणसे आजारी पडतात, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. फक्त ते का बाधते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज ते माहीत आहे, आणि तरीही आपण तिथेच थांबलो आहोत. म्हणून या अंकात भावाबद्दल किंवा वीजबिलाबद्दल न लिहिता आम्ही विहिरीबद्दल लिहीत आहोत.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एका गावात आमची तालुका बैठक झाली. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष गावाचा नव्हता. मंडपाशेजारी दोन ड्रम भरून विहिरीचे पाणी ठेवले होते. विहिरीला कठडा नव्हता आणि वरच्या अंगाला उकिरडा होता. हे आम्ही येताना डोळ्यांनी पाहिले होते. पण पाणी थंडगार, काचेसारखे स्वच्छ. उन्हातून आलेली माणसे तांब्यावर तांब्या प्याली, आम्हीही प्यालो. तिसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. कोणाला जुलाब, कोणाला उलट्या, दोघे तालुक्याच्या दवाखान्यात. त्याच आठवड्यात वाफसा आला. ज्यांनी तिफण धरायची ते खाटेवर होते. नंतर आम्ही त्या विहिरीचे पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी बाटलीतले पाणी काळे झाले.

कृषी महाविद्यालयात आम्ही चार वर्षे पाण्याबद्दल शिकलो. पाण्यात क्षार किती, सोडियम किती, ते पिकाला चालेल का, हे सगळे शिकलो. तेच पाणी पिकवणाऱ्याला चालेल का, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आला नाही. पदवी घेऊन आम्हीही त्या मंडपात तेच केले, जे शाळेत न गेलेला माणूस करतो. पाणी स्वच्छ दिसते आहे ना, मग प्या.

आपला खडक पाणी गाळत नाही

आपल्या सर्वांचा एक पक्का समज आहे. नदीनाल्याचे पाणी घाण, पण जमिनीतले पाणी गाळून आलेले असते. हा समज पूर्ण खोटा नाही. जिथे जमिनीखाली वाळूचे आणि गाळाचे जाड थर आहेत, तिथे पाणी कणाकणांतून हळूहळू झिरपते. वाटेत रोगजंतू अडकतात, आणि पाणी खाली पोहोचेपर्यंत बरेचसे मरतात.

पण महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा कातळ म्हणजे बेसाल्ट आहे. त्याच्या वरच्या थराचा मुरूम झालेला असतो आणि त्याखाली भेगाळलेला खडक असतो. विहीर खोदताना आपण बघतोच. पाणी सगळ्या अंगाने पाझरत नाही, एखाद्या भेगेतून झरा फुटतो. ‘झरा लागला’ म्हणून आपण नारळ फोडतो. ज्या भेगेतून झरा येतो ती भेग म्हणजे गाळणी नव्हे, ती नळी आहे. तिच्यातून पाणी वेगाने धावते, आणि पाण्याबरोबर वर जे असेल ते खाली येते.

त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. पहिल्या पावसात या भेगा मिटायच्या आधी पाणी सरळ त्यांतून खाली जाते. चार-सहा महिने शिवारात साचलेली जनावरांची आणि माणसांची घाण, उकिरड्याचा निचरा, सांडपाणी, भरलेल्या संडासाच्या खड्ड्यातला पाझर, सगळे त्याच्याबरोबर. म्हणून मे महिन्यात चांगली असलेली विहीर जूनच्या अखेरीस आजारी पाडते. ‘नवं पाणी बाधलं’ याचा अर्थ एवढाच आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातील भावांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्याखाली नदीच्या गाळाचे जाड थर आहेत, पण पाणी खारे. गोड्या पाण्यासाठी ते ज्या उथळ झिऱ्यांवर अन् उघड्या विहिरींवर जातात, तिथे हाच धोका पुन्हा उभा राहतो.

बोअरवाल्यांनी निर्धास्त राहू नये. दोनशे-तीनशे फुटांवरचे पाणी शुद्धच, असे बोअर मारणारा सांगतो. पण केसिंग पाइप बहुधा मुरूम संपेपर्यंतच घालतात, आणि पाइप व मातीमधली फट बुजवायची तसदी कोणी घेत नाही. पावसाचे पाणी पाइपाच्या बाहेरून सरसर खाली उतरते. गावात बंद पडलेले, तोंड उघडे असलेले जुने बोअर असतील तर तेही खालच्या पाण्यात घाण सोडण्याचे मोकळे दरवाजेच.

गोड पाण्याचा पंप

ही गोष्ट काही आपलीच नाही. १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर पटकीची भयंकर साथ आली. त्या रस्त्यावर एका विहिरीचा हातपंप होता. पाणी चवीला इतके चांगले, की तिथून दूर राहायला गेलेली एक विधवा बाई रोज माणूस पाठवून त्याच पंपाचे पाणी मागवून पीत असे. तिच्या नव्या वस्तीत पटकी नव्हती, पण ती मेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घराघरांत फिरून मयतांचा हिशेब मांडला आणि दाखवून दिले की रोग या पंपाच्या पाण्यातून येतो. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला गेला. पुढे खोदून पाहिले तेव्हा विहिरीपासून अवघ्या काही फुटांवर एका घराचा मैल्याचा हौद झिरपताना सापडला. पाणी गोड होते, थंड होते, आणि त्यात मरण होते. पटकीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेला लागत नाहीत.

लंडनची गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ. जुलै २०२२ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकी आली. वीजबिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती, म्हणून लोक उघड्या विहिरीवर गेले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. पावसाचे दिवस होते. माणसे दगावली. वीजबिल हा आपल्या चळवळीचा जुना विषय. थकलेल्या बिलाचा हिशेब असाही होतो, हे तोवर आमच्या भाषणांत कधी आले नव्हते.

आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात हातापायांतली शक्ती जाणाऱ्या गिया-बारे या आजाराची साथ पसरली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे, विशेषतः पुण्याजवळच्या नांदेड गावातील एका मोठ्या विहिरीकडे वळला. (हे नांदेड म्हणजे मराठवाड्यातले नव्हे.) हा जंतू कोंबड्यांच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहतो. विहिरीशेजारी गोठा किंवा कोंबड्यांची शेड असणाऱ्यांनी याचा विचार करावा. पटकी, विषमज्वर, रक्ती हगवण एवढीच यादी आता राहिलेली नाही.

उष्ण मुलखातली तपासणी

तपासणीबद्दल एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. प्रत्येक रोगाचा जंतू शोधणे अवघड. म्हणून प्रयोगशाळेत ई. कोलाय नावाचा जंतू शोधतात. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात कायम असतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ पाण्याला विष्ठेची वाट मोकळी आहे. आज तो निरुपद्रवी असेल, पण उद्या त्याच वाटेने पटकी येईल. आपल्या देशाचे मानक सांगते की पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

ही पद्धत थंड देशांत बसवलेली आहे. तिथे हा जंतू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. आपल्यासारख्या उष्ण मुलखाचे तसे नाही. हवाई बेटांवरच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की तिथल्या उबदार, ओलसर मातीत ई. कोलाय नुसता जगतच नाही, तर वाढतोही. म्हणजे उष्ण हवेत मातीच जंतूंचे घर होऊ शकते. यावरून काही हुशार अधिकारी म्हणतील, ‘मग तो सापडला तरी घाबरायचे कारण नाही.’ आम्ही उलटे म्हणतो. मातीतला जंतू जर विहिरीत पोहोचू शकतो, तर माती विहिरीचे रक्षण करत नाही हे सिद्धच झाले.

उष्ण हवेचा एक फायदाही आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या मंजा आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी काढली. छोट्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि घरात ठेवून द्यायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे झाले तर विहिरीत घाण उतरते आहे असे समजायचे. यंत्र नको, वीज नको. आपल्या घरातली उबच पुरते. तिला एच.टू.एस. बाटली म्हणतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणीतपासणीचे शिक्षण द्यायचे ठरलेले आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण? त्यांच्याकडे बाटल्या आहेत का? किती जणांना हे सांगता येईल?

आणि बाटली भरायची कधी? बहुतेक ठिकाणी सवडीने, कोरड्या दिवसांत भरतात. अहवाल चांगला येतो आणि फाइल बंद होते. विहिरीची खरी परीक्षा पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात असते. एकदा चांगला आलेला अहवाल म्हणजे वर्षभराचा दाखला नव्हे.

आमची दुसरी चूक

गेली कित्येक वर्षे आम्ही बैठकांतून सांगत आलो की शेतातले वाहून जाणारे पाणी विहिरीत वळवा, बोअरमध्ये सोडा, पुनर्भरण करा. अनेकांनी केले, पाण्याची पातळीही वाढली. पण हे सांगताना एक वाक्य आम्ही जोर देऊन सांगितले नाही. ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात, त्या विहिरीत शिवारातले पाणी थेट सोडू नका. वाळू, खडी, दगड यांच्या थरांतून गाळलेले असले तरीही नको, कारण त्या गाळणीत गाळ अडकतो, जंतू सगळे अडकत नाहीत. ओलिताच्या विहिरीचे पुनर्भरण जरूर करा. पिण्याची विहीर त्यातून वगळा. हे आम्ही आधीच सांगायला हवे होते.

काय करायचे

पहिले, जागा पाहा. पुस्तकात लिहिलेले असते की संडास, उकिरडा, गोठा विहिरीपासून किमान ५० फूट लांब हवा. भेगांच्या खडकात ५० फुटांची खात्री देता येत नाही. त्यामुळे अंतराबरोबर ढाळही पाहा. घाण विहिरीच्या वरच्या अंगाला असता कामा नये. विहिरीला पक्का कठडा आणि भोवती तीन फुटांचा सिमेंटचा ओटा हवा. वरची वीस फूट बांधणी फटी नसलेली हवी. गुरांचे हाळ आणि धुणे विहिरीपासून दूर. बोअरच्या पाइपाभोवती सिमेंट घाला, निकामी बोअर बुजवा.

दुसरे, टीसीएल पावडर. हिशेब सोपा आहे. विहिरीची रुंदी फुटात, तिला तेवढ्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग २२ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते. दहा फूट रुंद विहिरीत बारा फूट पाणी असेल तर १० × १० × १२ × २२ म्हणजे २६,४०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे सुमारे १३० ग्रॅम पावडर लागेल. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने ढवळा. निदान अर्धा तास पाणी काढू नका. रात्री टाकले तर उत्तम. नंतर ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले पाहिजे. पिवळे झाले नाही तर पावडर कमी पडली, किंवा पावडरीत दम राहिलेला नाही.

हे शेवटचे नीट ऐका. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असते. तोंड उघडे राहिलेले पोते ओलीत आणि उन्हाळ्यात पडून राहिले की क्लोरीन उडून जाते आणि नुसता चुना उरतो. एका ग्रामपंचायतीत आम्ही असे पोते पाहिले. रजिस्टरात रोज ‘शुद्धीकरण केले’ अशी नोंद होती. विहिरीत रोज चुना पडत होता.

तिसरे, गढूळ पाणी. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी फिरवून निवळ करा, मग क्लोरीन टाका किंवा उकळा, कारण गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकते. पेरणीच्या दिवसांत शेतावर नेण्याचे पाणीही असेच केलेले असावे. मजुरांना बांधावरच्या विहिरीचे पाणी पाजू नका. तेही आपल्यासारखीच माणसे आहेत.

चौथे, हगवण लागलीच तर पाणी बंद करू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजूनच हजारो माणसे वाचवली. लहान मूल, गरोदर बाई किंवा भाताच्या पेजेसारखे जुलाब होणारा माणूस असेल तर पाणी पाजत पाजतच लगेच दवाखाना गाठा.

हिशेबात नसलेला खर्च

आता चळवळीचा प्रश्न. कापसाच्या आणि ज्वारीच्या उत्पादनखर्चाचा तक्ता आपण पाठ केला आहे. बियाणे, खत, बैलजोडी, मजुरी, घरच्या माणसांची मजुरी, व्याज, जमिनीचा खंड. त्यात सलाईनचा रकाना नाही. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाला की कापूस टोबायचा असतो. ज्वारी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे गेली की खोडमाशी पोंगा खाते. त्या दहा दिवसांत घरातली दोन माणसे आडवी झाली तर दवाखान्याचे बिल वेगळे आणि उशिरा पेरलेल्या पिकाची तूट वेगळी. दोन्ही सावकाराच्या वहीत जमा होतात. सरकारी तक्त्यात एकही नाही.

पिण्याचे शुद्ध पाणी देणे सरकारचे आणि ग्रामपंचायतीचे काम आहे, आणि ते आपण मागत राहू. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य खाते गावच्या पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. आपल्या गावाला कोणते मिळाले हे ग्रामसभेत विचारा. पावडरीच्या खरेदीची तारीख विचारा. नळ आले म्हणून प्रश्न संपला असेही नाही. टाकीत चढणारे पाणी बहुतेक गावांत त्याच जमिनीतले असते. नळ म्हणजे लांब केलेला पोहरा, एवढेच.

पण सरकार येईल तेव्हा येईल. कठडा बांधायला, उकिरडा हलवायला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

जुन्या काळी पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढचे गाव तो आणखी पुढे लोटत असे. रोग दुसऱ्याच्या शिवेत घालवला की आपण सुटलो, अशी समजूत. जमिनीखालचे पाणी शीव मानत नाही. आपण वर जातीजातींच्या विहिरी वेगळ्या केल्या, तरी खालच्या भेगा एकमेकींना मिळालेल्याच राहिल्या. वरच्या वस्तीचा पाझर खालच्या वस्तीच्या आडात उतरतो आणि बाजाराच्या दिवशी रोग परत वर येतो.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: पिण्याच्या विहिरीची रुंदी व खोली, तिच्या वरच्या अंगाला काय आहे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर भरलेल्या बाटलीचा रंग. त्यावरच बैठकीची सुरुवात होईल. आणि मंडपातल्या ड्रममधले पाणी आधी आम्ही तपासू, पिवळे झालेले तुम्हाला दाखवू, मगच तांब्या पुढे करू.